स्थिर पानाचा इतिहास : मजकूर, साचा आणि नक्कल

साहित्याचा इतिहास लिहिताना मुद्रणाचा इतिहास टाळता येत नाही, हे आता सर्वमान्य आहे. शिळाप्रेसवर छापलेली पोथी, खिळ्यांनी जुळवलेले पुस्तक आणि ऑफसेटवरचे नियतकालिक यांची घडण वेगवेगळी असते, म्हणून त्यांचे वाचनही वेगवेगळे होते. ब्लॉगवरील लेखनाबाबत मात्र आपण हा विचार क्वचितच करतो. लेख पडद्यावर दिसला की तो 'आंतरजालावर आहे' असे म्हणून आपण मोकळे होतो. तो कोणत्या रूपात साठवलेला आहे, वाचक तो उघडतो तेव्हा नेमके काय घडते आणि उद्या तो तेथे नसेल तर त्याची दुसरी प्रत कोणाकडे असेल, हे प्रश्न तंत्रज्ञांचे म्हणून बाजूला ठेवले जातात. वस्तुतः ते संहितेचे प्रश्न आहेत, आणि संहितेची चिंता वाहणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे.

या दृष्टीने 'स्टॅटिक साइट जनरेटर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधनांचा इतिहास उद्बोधक आहे. साध्या मजकुराच्या फायली आणि पानाचा साचा यांतून संपूर्ण ब्लॉग एकदाच तयार करून ठेवणारी ही साधने २००८ नंतर प्रचारात आली. त्यांची तरफदारी बहुधा वेगाच्या नावाने केली जाते. पान लवकर उघडते हे खरे आहे, पण प्रस्तुत लेखात मांडायचे आहे ते वेगळे. या साधनांचे खरे महत्त्व त्यांनी लेखकाचे हस्तलिखित लेखकाकडे परत दिले आणि त्याच्या नकला करणे सोपे केले, यात आहे.

१. मागणीनुसार जुळणी

आंतरजालावरील पान वाचकापर्यंत दोन रीतींनी पोहोचते. पहिल्या रीतीत पान आधीच पूर्ण तयार असते. वाचकाने मागितले की सर्व्हर ती फाइल जशीच्या तशी उचलून देतो. दुसऱ्या रीतीत पान अस्तित्वातच नसते. मजकूर डेटाबेसच्या रकान्यांत विखुरलेला असतो. वाचकाने दुवा दाबल्यावर एखादा प्रोग्राम शीर्षक, लेख, लेखकाचे नाव आणि प्रतिक्रिया गोळा करून त्या क्षणी पान रचतो. छापखान्याच्या भाषेत बोलायचे, तर पहिली रीत छापून ठेवलेल्या प्रती वाटण्याची आहे. दुसरी, प्रत्येक गिऱ्हाईक दारात आल्यावर नव्याने खिळे जुळवून एकच प्रत काढून देण्याची आहे. पहिल्या प्रकारच्या पानाला 'स्थिर' आणि दुसऱ्याला 'चल' म्हणू.

सुरुवातीला सगळीच पाने स्थिर होती. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत १९९० च्या अखेरीस पहिले संकेतस्थळ उभारले, ते साध्या फायलींचेच होते. सर्नने २०१३ साली त्याची जुनी प्रत मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली, आणि ती आजच्या न्याहाळकातही (म्हणजे ब्राउझरमध्ये) वाचता येते. त्या पानामागे कोणताही डेटाबेस नव्हता, त्यामुळे जुना डेटाबेस पुन्हा चालू करण्याचा प्रश्नच आला नाही.

हाताने लिहिलेल्या स्थिर पानांची अडचणही तितकीच खरी होती. संकेतस्थळावर शंभर पाने असली आणि मथळ्यातील एक शब्द बदलायचा झाला, तर शंभर फायली उघडाव्या लागत. या कष्टातूनच दुसऱ्या रीतीचा शोध लागला. १९९३ साली सर्व्हरकडून प्रोग्राम चालवून घेण्याची 'सीजीआय' ही पद्धत आली. १९९५ साली रासमुस लेर्डोर्फ यांनी 'पीएचपी' प्रसिद्ध केली, आणि 'मायएसक्यूएल' हा डेटाबेसही त्याच वर्षीचा. 'पीएचपी' या नावाचा मूळ विस्तार 'वैयक्तिक मुखपृष्ठाची साधने' अशा अर्थाचा होता. एका माणसाच्या पानासाठी केलेल्या या साधनावर पुढे आंतरजालाचा मोठा भाग उभा राहिला.

२. भाजलेले आणि तळलेले

ब्लॉगच्या पहिल्या पिढीतील साधने मात्र स्थिर पानेच तयार करीत, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या ध्यानात नसते. १९९९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेले ब्लॉगर आरंभी लेखकाचा मजकूर साच्यात बसवून तयार फायली लेखकाच्याच सर्व्हरवर पाठवून देई. ही सोय २०१० साली बंद करण्यात आली. तोवर बहुतेक ब्लॉग सेवा देणाऱ्या कंपनीच्याच आवारात राहायला गेले होते. २००० सालचे ग्रेमॅटर आणि २००१ च्या ऑक्टोबरमध्ये बेन आणि मेना ट्रॉट या दांपत्याने आणलेले मूव्हेबल टाइप हीही याच जातीची साधने. मूव्हेबल टाइप म्हणजे छापखान्यातले सुटे खिळे. हे नाव नुसते शोभेचे नव्हते. ती प्रणाली खरोखरच पाने आधी 'छापून' ठेवीत असे.

या भेदाला एक सुबोध रूपक दिले ते अ‍ॅरन स्वार्ट्झ यांनी. २००२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी पाने तळू नका, भाजून ठेवा, असा आग्रह धरला. तळलेला पदार्थ गिऱ्हाईक आल्यावर कढईत सोडायचा. भाजलेला आधी भट्टीतून काढून मांडून ठेवायचा. स्वार्ट्झ यांचा भर वेगावर नव्हता. तयार फायली एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सहज हलवता येतात, आणि त्यांना कोणत्याही विशिष्ट प्रणालीची गरज लागत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

तरीही पुढची काही वर्षे तळणाऱ्यांची होती. मूव्हेबल टाइपमध्ये लेख वाढत गेले, की एका प्रतिक्रियेसाठीही अनेक पाने पुन्हा घडवावी लागत, आणि लेखक ताटकळत बसे. त्यात २००४ साली तिच्या परवान्याच्या अटी बदलल्या आणि अनेक लेखकांनी दुसरे घर शोधले. ते घर बहुतांशी वर्डप्रेसचे होते. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ साली सुरू केलेली ही प्रणाली मुक्त होती, आणि लेख लिहून कळ दाबताच तो प्रसिद्ध करीत होती. ज्याला फायली आणि सर्व्हर यांची नावेही ठाऊक नव्हती त्या माणसाला तिने लिहिते केले. या उपकाराची नोंद केल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. परंतु त्या सोयीचा मोबदला असा, की लेखकाचा मजकूर आता डेटाबेसच्या पोटात गेला. लेखकाकडे उरले ते डेटाबेसची किल्ली असलेले एक खाते.

३. हस्तलिखित परत येते

मजकूर डेटाबेसबाहेर काढायचा तर तो कोणत्या रूपात ठेवायचा, हा प्रश्न होता. आंतरजालाच्या पानाची मूळ खूणभाषा प्रत्येक परिच्छेदाला आणि प्रत्येक ठळक शब्दाला कोनी कंसांची जोडी लावते. त्या कंसांच्या गर्दीत लेख वाचणे, सुधारणे जिकिरीचे होते. २००४ साली जॉन ग्रूबर यांनी 'मार्कडाउन' ही लेखनपद्धती प्रसिद्ध केली; तिच्या रचनेत स्वार्ट्झ यांचाही वाटा होता. शब्द ठळक करायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दोन तारका, उद्धृतासाठी ओळीच्या आरंभी एक चिन्ह, परिच्छेदासाठी मध्ये एक रिकामी ओळ, इतकेच तिचे नियम. मार्कडाउनमध्ये लिहिलेली फाइल कोणतीही प्रक्रिया न करता माणसाला वाचता येते. ती हस्तलिखितासारखी असते आणि छपाईसाठीच्या सूचना तिच्या समासात राहतात.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही पद्धती गद्यासाठी बनलेली आहे. ओळ तोडली तरी मार्कडाउन ती मागच्या ओळीला जोडून एकच परिच्छेद करते. त्यामुळे कवितेच्या चार ओळी छापून आल्यावर एका ओळीत वाहू लागतात. ओळ तुटलेलीच राहावी यासाठी तिच्या शेवटी दोन रिकाम्या जागा सोडाव्या लागतात, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. अभंगाचा चरण कोठे संपतो हे यंत्राला अशा अदृश्य खुणेने सांगावे लागते. पुढे या पद्धतीचे नियम काटेकोर करण्याचे काम २०१४ साली 'कॉमनमार्क' या नावाने सुरू झाले. त्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी जॉन मॅकफार्लेन हे बर्कली येथील विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनीच २००६ साली 'पॅनडॉक' ही प्रणाली केली होती; तिच्या साहाय्याने एकाच मार्कडाउन फायलीतून आंतरजालाचे पान, छापील पुस्तक किंवा ई-पुस्तक काढता येते. मानव्यविद्येच्या अभ्यासकाने आपल्या लेखनाचे साधन स्वतः घडवल्याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

४. डॉक्टर जेकिल

या सगळ्या धाग्यांची वीण २००८ च्या हिवाळ्यात घातली गेली. गिटहब या संस्थेचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर तयार ब्लॉग-प्रणालींना कंटाळले होते. आपण गद्याचे नव्हे तर प्रोग्रामचे लेखक आहोत, तेव्हा ब्लॉगकडेही प्रोग्राम लिहिण्याच्या दृष्टीने का पाहू नये, अशा विचारातून त्यांनी रूबी भाषेत एक छोटी प्रणाली लिहिली. १७ नोव्हेंबर २००८ रोजी प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी तिची ओळख करून दिली. नाव ठेवले 'जेकिल'. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८८६ सालच्या कादंबरिकेतील डॉक्टरचे नाव एका यंत्राला मिळाले. त्यापाठोपाठ पायथन भाषेत 'हाइड' आले, आणि जेकिलसाठी केलेल्या वेशभूषांना त्याच कादंबरिकेतील बटलर पूल आणि डॉक्टर लॅनियन यांची नावे लाभली.

जेकिलची कार्यपद्धती समजून घेणे कठीण नाही. एका घडीत, म्हणजे फोल्डरमध्ये, लेखांच्या मार्कडाउन फायली असतात. प्रत्येक फायलीच्या नावाचा आरंभ तारखेने होतो. फायलीच्या माथ्यावर तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींमध्ये लेखाची नोंद असते: शीर्षक, लेखक, विषय, कोणता साचा वापरायचा. ग्रंथपालाचे पत्रक ग्रंथातच डकवावे तसा हा प्रकार. दुसऱ्या फोल्डरमध्ये साचे असतात. त्यांत मथळा, तळटीप, मार्गदर्शक दुवे एकदाच लिहिलेले असतात आणि मजकुराची जागा रिकामी सोडलेली असते. आज्ञा दिली की जेकिल प्रत्येक लेख साच्यात ओततो, अनुक्रमणिका आणि विषयवार याद्या तयार करतो आणि सगळी तयार पाने तिसऱ्या फोल्डरमध्ये मांडून ठेवतो. मथळ्यातील शब्द बदलायचा तर साचा बदलायचा आणि सगळी आवृत्ती पुन्हा काढायची. १९९० नंतरच्या दशकातील ती शंभर फायलींची अडचण येथे सुटते, आणि त्यासाठी पान चल करावे लागत नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात गिटहबने अशी पाने विनामूल्य प्रसिद्ध करण्याची सोय दिली. पुढच्या दशकात अनेक भाषांमधून अशी साधने झाली. २०१३ साली स्टीव्ह फ्रान्सिया यांनी केलेले ह्यूगो हे त्यांतले विशेष वेगवान. २०१२ सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओबामा यांच्या देणगी-संकलनाच्या पानांसाठीही जेकिल वापरले गेले, यावरून ही पद्धत केवळ हौशी लोकांची नव्हती हे दिसते.

येथे 'गिट' या साधनाचा उल्लेख अपरिहार्य आहे. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते निर्माण केले. मजकुरातील प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला याची नोंद गिट ठेवते, आणि कामात सहभागी असलेल्या प्रत्येकाकडे केवळ अखेरची प्रत नव्हे तर हा सगळा इतिहास असतो. पाठचिकित्सेचे महत्त्व जाणणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. लेखाच्या पहिल्या मसुद्यात कोणते विधान होते आणि ते नंतर का बदलले, हे छापील ग्रंथाबाबत आपण आवृत्त्या पडताळून शोधतो. डेटाबेसमधील लेखाबाबत हा इतिहास राहिला तरी तो एका ठिकाणी, त्या प्रणालीच्याच ताब्यात राहतो. गिटमध्ये ठेवलेल्या लेखाबाबत सर्व पाठभेद तारखांसह प्रत्येकाच्या हाती असतात.

५. रूपाचा प्रश्न

पानाची रचना आणि पानाची वेशभूषा वेगळी ठेवावी हा विचार जेकिलपेक्षा जुना आहे. सर्नमध्येच काम करणारे होकून विअम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये शैलीपत्रकांचा, म्हणजे 'सीएसएस'चा, पहिला प्रस्ताव मांडला, आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. त्या मूळ प्रस्तावातील एक कल्पना समीक्षकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. पान कसे दिसावे यात लेखकाचा किती टक्के आणि वाचकाचा किती टक्के अधिकार, हे आकड्यांनी ठरवण्याची सोय त्यात सुचवली होती. टक्केवारी पुढे गळाली, पण लेखक, वाचक आणि न्याहाळक या तिघांच्या इच्छा एकावर एक ओघळत येऊन अंतिम रूप ठरते, हे तत्त्व त्या पद्धतीच्या नावातच राहिले. २००३ साली डेव्ह शे यांनी 'सीएसएस झेन गार्डन' या संकेतस्थळावर एकच मजकूर अनेक कलावंतांच्या शैलीपत्रकांनी नटवून दाखवला. मजकुरातील एक अक्षरही न बदलता पान ओळखू येऊ नये इतके बदलत होते.

देवनागरी ब्लॉग सजवताना मात्र परक्या लिपीसाठी शिवलेला अंगरखा जागोजागी आखूड पडतो. या बाबी किरकोळ नाहीत, म्हणून थोड्या तपशिलाने सांगतो. देवनागरीत ओळीच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय असतात. रोमनसाठी पुरेसे असलेले ओळींमधील अंतर येथे दाट होते आणि वाढवून घ्यावे लागते. शीर्षकाला ऐट यावी म्हणून अक्षरांमधील अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते. तिरपी अक्षरे ही रोमन मुद्रणाची परंपरा. यंत्राने ओढून तिरपे केलेले देवनागरी अक्षर मोडल्यासारखे दिसते, तेव्हा ग्रंथनामासाठी अवतरणचिन्हे किंवा ठळक ठसा बरा.

पानाची भाषा कोणती हे साच्यात सांगितले नाही, तर जेकिलची 'मिनिमा' ही मूळ वेशभूषा पान इंग्रजी असल्याचे जाहीर करते. याचा परिणाम दिसण्यावरही होतो. मराठी वळणाचा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' काही टंकांमध्ये दिलेले असतात, परंतु पान मराठी आहे असे सांगितले तरच टंक ते रूप काढून देतो. एरवी हिंदी वळण उमटते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने या वर्णांची मराठी रूपे प्रमाण म्हणून निश्चित केली आहेत. ती पडद्यावर यावीत यासाठी साच्यातील एक छोटी नोंद पुरते.

यंत्राच्या वर्गीकरणातही अशाच खाचा आहेत. युनिकोडमध्ये 'क', 'त' ही अक्षरे एका वर्गात आणि काना, मात्रा, वेलांटी 'चिन्ह' या दुसऱ्या वर्गात मोडतात. पायथन भाषेच्या प्रमाण शोधसूत्रांत 'शब्दातील अक्षर' या संज्ञेत ही चिन्हे येत नाहीत. त्यामुळे शीर्षकावरून लेखाचा पत्ता बनवताना असा नियम वापरला, तर 'कविता'चे 'कवत' होते. लेखकांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली, तर यंत्र संकेतांकांच्या क्रमाने जाते आणि 'ळ' हा 'ल' नंतर लगेच येतो; आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर आहे. जेकिल तारीख छापतो तेव्हा महिन्याचे नाव इंग्रजीत येते. 'नोव्हेंबर' हवा असल्यास बारा नावांची यादी आपण पुरवावी लागते. यांपैकी प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते, कारण साचा आपल्या हातात असतो. तयार सेवेवरील ब्लॉगमध्ये ती दुरुस्ती करायची की नाही, आणि किती, हे सेवा देणारा ठरवतो.

६. रूपात अडकलेला मजकूर

मजकूर आणि रूप यांची फारकत न झाल्यास काय होते, याचा अनुभव मराठीने स्वतःच घेतलेला आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा तीत देवनागरी होती. तिची मांडणी इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ सालच्या रूपावर आधारलेली होती. परंतु सामान्य संगणकांवर युनिकोड देवनागरी नीट दिसू लागायला विंडोज २००० आणि त्यानंतरच्या प्रणालींची वाट पाहावी लागली. मधल्या काळात मराठी संकेतस्थळे आपापले टंक घेऊन आली. त्या टंकांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असे. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांची निरर्थक रांगच होती. मराठी होता तो केवळ आकार. टंक उतरवून घेतला नाही तर पान वाचता येत नसे, आणि तो टंक नाहीसा झाला की मजकूर असूनही हरवला. शोधयंत्रांना तर तो मराठी म्हणून कधी दिसलाच नाही.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याला एक दूरचे साम्य आढळते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. पोथ्या मठांमध्ये शतकानुशतके जतन झाल्या, पण पंथाबाहेरच्या अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आदी संशोधकांनी संकेत उलगडेपर्यंत त्या मुक्याच होत्या. फरक असा की महानुभावांनी कुलूप जाणीवपूर्वक लावले होते आणि किल्ली परंपरेने सांभाळली होती. टंकांच्या काळात कुलूप आपोआप लागले, आणि किल्ली सांभाळण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

युनिकोडने हा प्रश्न अक्षराच्या पातळीवर सोडवला. तोच प्रश्न लेखाच्या पातळीवर स्थिर ब्लॉगची पद्धत सोडवू पाहते. युनिकोडमधील मार्कडाउन फायलीचा मजकूर साच्यावाचून, जेकिलवाचून, किंबहुना आंतरजालावाचूनही वाचता येतो. जेकिलवर बेतलेली ऑक्टोप्रेस ही प्रणाली २०१० नंतरची काही वर्षे लोकप्रिय होती; तिचे काम पुढे थांबले. तिच्यासाठी लिहिलेले लेख मात्र त्यांच्या लेखकांना उचलून दुसऱ्या प्रणालीत नेता आले. यंत्र गेले तरी हस्तलिखित मागे राहिले.

७. स्थिर म्हणजे चिरंतन नव्हे

एवढ्यावरून स्थिर पान आपोआप टिकते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर लाखो लोकांची हाताने लिहिलेली पाने होती; बव्हंशी स्थिरच. १९९९ साली याहूने ती कंपनी विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. जे वाचले ते 'आर्काइव्ह टीम' आणि इंटरनेट आर्काइव्ह यांसारख्या गटांनी अखेरच्या महिन्यांत घाईने केलेल्या नकलांमुळे. पाने स्थिर होती म्हणून नकला करणे सोपे गेले हे खरे. पण कोणीतरी नकला केल्या म्हणून ती वाचली, हे अधिक खरे. आज असंख्य जेकिल ब्लॉग ज्या गिटहबवर आहेत, ती संस्थाही २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे. पत्ता अद्यापही दुसऱ्याच्या दारावरचाच आहे.

या पद्धतीने गमावलेल्या गोष्टीही प्रांजळपणे मोजल्या पाहिजेत. छापून ठेवलेल्या पानावर वाचक प्रतिक्रिया लिहू शकत नाही. त्यामुळे अनेक स्थिर ब्लॉगांनी प्रतिक्रियांची सोय डिस्कससारख्या बाहेरच्या सेवांवर सोपवली. लेख लेखकाकडे आणि त्यावरील वाद तिऱ्हाइताकडे, अशी वाटणी झाली. समीक्षेच्या ब्लॉगवर लेखाइतकेच मोल त्याखालील वादाला असते. काही वेळा मूळ लेख विसरला जातो आणि वाद लक्षात राहतो. तो वाद जपायचा तर प्रतिक्रियाही मजकूर म्हणून फायलीत उतरवून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी संपादकाला हाताने काम करावे लागते. शिवाय काळ्या खिडकीत आज्ञा लिहिणे ज्यांना शक्य नाही वा रुचत नाही, अशा थोर लेखकांची संख्या लहान नाही. वर्डप्रेसने त्यांच्यासाठी उघडलेले दार या पद्धतीने पुन्हा निम्मे लोटले आहे. समूह-ब्लॉगमध्ये यावर एक जुनाच उपाय चालतो: एकाने जुळारी व्हावे आणि इतरांनी हस्तलिखित पाठवावे. नियतकालिके अशीच निघत आली आहेत.

ब्लॉगचे लेखन क्षणिक असते, ते गेले तर काय बिघडले, असा आक्षेप कोणी घेईल. साठोत्तरी लघु-अनियतकालिकांबद्दलही असे म्हणता आले असते. त्यांचे काही अंक कोणाच्या तरी कपाटात राहिले म्हणून आज त्या चळवळीवर प्रबंध लिहिता येतात. ते अंक सायक्लोस्टाइल असोत वा छापील, वाटले गेले होते. एकाच ठिकाणी नव्हते. डेटाबेसमधील ब्लॉग मुळात एकाच ठिकाणी असतो, आणि त्याचे वार्षिक भाडे भरणारा माणूस थकला की तो विझतो. मराठीत २००५ च्या आसपास सुरू झालेल्या ब्लॉगलेखनाचा इतिहास ज्यांना पुढे लिहायचा आहे, त्यांना कपाटे कोठून मिळणार?

म्हणून जेकिल की ह्यूगो, या वादात साहित्यिकांनी फार वेळ घालवू नये. ही नावे बदलतील. ब्लॉग कोणत्याही प्रणालीवर असो, लेखांचा मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फायलींत, तारीख, लेखक आणि शीर्षक यांच्या नोंदीसह उतरवून घ्यावा. कवितांच्या ओळी तपासाव्यात. प्रतिक्रिया त्याच फायलीच्या तळाशी घ्याव्यात. आणि या संपूर्ण फोल्डरची नक्कल समूहातील निदान तिघांकडे आणि शक्य असल्यास एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. मराठी विभागातील दोन विद्यार्थ्यांना एका सुट्टीत एका ब्लॉगपुरते हे काम करता येईल. त्यातून नवे संकेतस्थळ उभे राहिले तर उत्तम. न राहिले तरी मजकूर हाताशी असेल.